घोडं बसू नये म्हणून

गोरक्ष जीपखालून सरपटत बाहेर आला तेव्हा त्याच्या पाठीला माती होती, केसांत ग्रीस होतं आणि तोंडात एक कचकचीत शिवी होती. ती त्यानं गिळली. समोर बाजेवर त्याचा बाप धर्माजी बसला होता, आणि बापासमोर या जीपला शिवी द्यायची सोय नव्हती. तिला जीप म्हणायचीसुद्धा सोय नव्हती. घोडं म्हणायचं.

"काय म्हनतंय घोडं?" धर्माजीनं विचारलं.

"काय म्हननार? ठसकतंय. कार्बोरेटर गेला बहुतेक."

"म्हातारं झालं आता."

"व्हय," गोरक्ष म्हणाला. मी काय तरणा राहिलोय का, हे मात्र त्यानं मनातच ठेवलं.

लोणीच्या पलीकडं माळावर ही वस्ती. सगळी एकाच भावकीची घरं. पूर्वी सगळेच मेंढरांमागं हिंडायचे, आता मेंढरं दोन-चार दारांत उरली होती आणि बाकीच्यांनी कांदा-बटाटा धरला होता. पण वस्तीचा खंडोबा होता तिथंच होता. दरवर्षी चंपाषष्ठीला तो नदीवर अंघोळीला जायचा, आणि जायचा तो धर्माजीच्या घरच्या घोडीवर बसून. हा मान धर्माजीच्या बापापासूनचा. पुढं घोडी म्हातारी होऊन मेली, तेव्हा धर्माजीनं काय करावं? दुसरी घोडी बघायची सोडून कुठल्याशा लिलावातली पेट्रोलची जुनी विलीज जीप आणून दारात उभी केली. भावकीत हा गदारोळ! मग देवाला कौल लावला. देवानं उजवा दिला. झालं, जीप घोडं झाली आणि घोडीचे सगळे नियम जीपला लागू झाले. चपला घालून तिच्यात बसायचं नाही. निघण्याआधी चारी टायरांवर पाणी घालायचं, पाय धुतात तसं. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे, देव वर बसला की उतरेपर्यंत घोड्यानं बसायचं नाही. म्हणजे इंजिन बंद पडायचं नाही. पडलं, की घोडं बसलं. मग देव मागच्या गाडीत जाणार आणि मान कायमचा त्या घरी जाणार.

मागची गाडी होती गोरक्षच्या चुलतभावाची, भरतची. पांढरी, नवी कोरी, बटण दाबलं की सुरू होणारी. दरवर्षी ती धुऊन, हार घालून घोड्याच्या मागं चालायची. भरत तोंडानं कधी काही बोलला नव्हता. पोरगा तसा सरळ. पण गाडीला हार घालायला विसरत नव्हता एवढं खरं.

आता गोरक्षच्या मनातलं सांगायचं तर तो या घोड्याला पार कावला होता. चंपाषष्ठी महिन्यावर आली की त्याची झोप उडायची. कधी डायनॅमो, कधी पंप, कधी क्लचप्लेट. सुट्या भागांसाठी पुण्याच्या जुन्या बाजारात चकरा मारून त्याच्या चपला झिजल्या. शेतात बटाट्याची लागवड खोळंबलेली आणि हा बाबा जीपखाली उताणा! जाऊ दे ना एकदाचा तो मान भरतकडं, देव काय गार हवेच्या गाडीत बसायला नाही म्हणणार आहे? असं त्याला दर साली वाटायचं. पण बापाकडं बघितलं की तो पुन्हा जीपखाली शिरायचा. ऐंशीच्या पुढचा म्हातारा, गुडघे गेलेले, वर्षभर बाजेवर. वर्षातून एकदाच फेटा बांधून देवाला मांडीवर घेऊन बसायचा. घोडं बसलं तर म्हातारा हाय खाऊन मरेल, याबद्दल गोरक्षच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

म्हणून तो दुसऱ्या दिवशी घोडं ओढत प्रबुद्धच्या गॅरेजवर घेऊन गेला.

प्रबुद्ध त्याच्या शाळेतला दोस्त. लोणीत रस्त्याकडेला पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं गॅरेज. सगळ्या गावच्या मोटरसायकली आणि टेम्पो त्याच्या हाताखालून जायचे. तो बुद्धवासी आईबापांचा फोटो आणि बाबासाहेबांचा फोटो सोडून कुणाला हात जोडत नसे, पण घोड्याचं काम कधी नाकारत नव्हता. "देवाचं तुमी बघा, पेट्रोलचं मी बघतो," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

त्यानं जुना कार्बोरेटर काढून बाकावर ठेवला, स्क्रू सोडले आणि खालची वाटी उघडली. उघडली ती तशीच धरून बसला.

"गोरख्या, हे काय रं?"

वाटीच्या तळाला पिवळाधमक गाळ बसला होता. बारीक भोकं त्याच गाळानं बुजलेली. गोरक्षनं बोटावर घेऊन वास घेतला. पेट्रोलच्या वासाखाली हळदीचा वास होता.

"भंडारा," तो म्हणाला.

"पेट्रोलच्या टाकीत भंडारा?" प्रबुद्ध हसायला लागला, मग गोरक्षचं तोंड बघून थांबला. "आयला, म्हंजे मी इतकी वर्सं जेट साफ करतोय, ते पिवळं मला गंज वाटत व्हतं!"

गोरक्षनं संध्याकाळी बायकोला, पुष्पाला, विचारलं. ती चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं मान वरही केली नाही.

"मामंजी टाकत्यात की. चंपाषष्ठीला पहाटं. घोडीला खोबरं-भंडारा चारायचे ना, तसं. तुमाला म्हाईत न्हाई?"

"तू बघत व्हतीस आन् बोलली न्हाईस?"

"देवाचं त्यांचं चाललंय, मी मधी काय बोलू? अन् तुमी तरी बोलला असता का?"

नसता बोलला. हे तिला माहीत होतं आणि त्यालाही. ऐंशी वर्षांच्या माणसाला जाऊन सांगायचं, की आबा, तुमच्या भक्तीनं इंजिन मरतंय? गोरक्षची हिंमत नव्हती. त्यानं भाकरी खाल्ली आणि अंथरुणावर पडला. अंग नुसतं ठणकत होतं.

जुना साफ करूनही चालेना. पुण्याहून दुसरा कार्बोरेटर मिळाला, पण अगदी जसाच्या तसा नाही मिळाला. जुन्याचं पेट्रोल आत घ्यायचं तोंड पुढच्या अंगाला होतं, याचं मागं, नेमकं एक्झॉस्टच्या तापल्या लोखंडाच्या बाजूला. जुनी नळी पुरेना आणि ओढून लावावी तर गरम लोखंडाला चिकटायची.

"न्हाई चालायचं," प्रबुद्ध म्हणाला. "चढाला इंजिन तापलं की नळीत पेट्रोलची वाफ व्हनार. पंप वाफ ओढंल, पेट्रोल न्हाई यायचं. टाकीपासनं नवी लाइन टाकू."

"फवारणीच्या पंपाची नळी हाय घरी. ती लावू का? दिसतं बी आरपार."

"लाव की. आन् संगं देवाच्या नावानं दोन घागरी पानी पन ठेव, आग इझवायला." प्रबुद्ध वैतागला. "आरं, हल्लीचं पेट्रोल ती नळी खाऊन टाकतं. चार दिसांत मऊ पडती, मग निसटती. ज्याची त्याची गोष्ट ज्याच्या त्याच्या जागी."

मग दोघं सलग कामाला लागले. टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. तिथून चासीच्या कडेकडेनं तांब्याची नळी पंपापर्यंत न्यायची. प्रबुद्ध गुडघ्यावर नळी ठेवून हलक्या हातानं वाकवायचा आणि गोरक्ष खाली उताणा पडून ती क्लिपांत बसवायचा. पंपापासून पुढं नळी इंजिनाच्या पुढून वळसा घालून आणली, म्हणजे एक्झॉस्ट लांब राहिला. इंजिन हलतं, म्हणून शेवटचा हातभर तुकडा रबराचा, खास पेट्रोलचा, दोन्ही टोकांना पट्ट्या आवळून. लाइन पुरी होईपर्यंत कार्बोरेटर चालतो का ते बघायला प्रबुद्धनं पेट्रोलची बाटली बॉनेटच्या वर टांगली आणि सलाइन लावतात तशी तिची नळी कार्बोरेटरला जोडली. घोडं एका झटक्यात सुरू झालं आणि असं गोड चालायला लागलं की प्रबुद्धनं टाळी वाजवली.

गोरक्षला काही आनंद झाला नाही. म्हणजे आता हे आणखी दहा वर्षं चालणार, एवढंच त्याच्या डोक्यात आलं.

"आन् भंडाऱ्याचं?" त्यानं विचारलं.

"टाकी आन् पंपाच्या मधी फिल्टर टाकतो. चिमूटभर असंल तर अडवंल."

तो फिल्टर हातात घेऊन गोरक्ष क्षणभर थांबला. बसवलाच नाही तर? कुणाला कळणार होतं? घोडं नदीच्या चढावर आपोआप बसेल, देवाची मर्जी म्हणून सगळे गप्प बसतील आणि पुढच्या साली आपण बटाट्यात असू. पण पाठोपाठ त्याला बाजेवरचा बाप दिसला. त्यानं मुकाट्यानं फिल्टर बसवला आणि दोन्ही पट्ट्या नीट आवळल्या.

चंपाषष्ठीच्या पहाटे गोरक्ष दारात टायरांवर पाणी घालत होता. धर्माजी काठी टेकत टेकत बाहेर आला. नवं धोतर, लाल फेटा. त्यानं सीट उचलायला लावली, टाकीचं झाकण उघडायला लावलं. मग कोटंबा, खंडोबाचं भंडारा ठेवायचं पात्र, खांद्याच्या पिशवीतून काढला आणि त्यातला भंडारा घेतला. चिमूट नाही, मूठ. मूठ टाकीत सोडली. आणखी एक मूठ घेतली, तीही सोडली.

"आबा," गोरक्षच्या तोंडून निघालं.

"काय?"

"काय न्हाई."

म्हाताऱ्यानं हात झटकले, टाकीला हात लावून कपाळाला लावला आणि पुढच्या सीटवर चढवून घे म्हणाला. गोरक्षनं त्याला काखेत धरून वर बसवलं. मग पुष्पाला हळूच सांगितलं, "प्रबुद्धला फोन कर. म्हनावं, बाटली घिऊन ये. आज कठीन हाय."

प्रबुद्ध आला. रबराची नळी लावलेली ती बाटली त्यानं काखेत धरली होती. येळकोटाचा गजर झाला, चांदीचे मुखवटे धर्माजीच्या मांडीवर आले, हलगी कडाडली आणि घोडं निघालं. पुढं दिवट्या, मग घोडं, मागं भरतची पांढरी गाडी आणि तिच्या मागं सगळी वस्ती. प्रबुद्ध घोड्याच्या बाजूनं चालत होता. कुणीतरी त्याच्या कपाळाला भंडारा लावायला गेलं तर त्यानं हसून मान मागं घेतली. कुणी पुन्हा आग्रह केला नाही.

जाताना काही झालं नाही. उतारच होता. नदीवर देवाची अंघोळ झाली, घोडं काठावर घुरघुरत उभं राहिलं आणि सगळ्यांनी त्याच्या बॉनेटवर भंडारा उधळला. परतीला चढ लागला आणि चढाच्या मध्यावर घोडं ठसकलं.

एकदा ठसकलं. मग पुन्हा. गोरक्षनं पाय दाबला तर जोर येण्याऐवजी आवाज पडला. त्याला कळलं, फिल्टर भरला. दोन मुठी भंडारा त्याला कुठला पेलतोय! मागं हलगी थांबली. लोक बघायला लागले. आरशात त्याला भरतची गाडी दिसली, शांत, झुलता हार घातलेली.

आणि खरं सांगायचं तर त्याच्या अंगातून एक सुस्कारा गेला. बस. संपलं. आता फक्त काही करायचं नाही. पाय आहे तिथं ठेवायचा आणि थोडं थांबायचं, की हा दर सालचा छळ संपला. त्यानं बापाकडं बघितलं.

धर्माजीनं डोळे घट्ट मिटले होते. मुखवटे छातीशी धरले होते आणि ओठ भराभर हलत होते. फेट्याखालून घामाची धार गालावर आली होती. म्हातारा देवाला विनवत होता. जीव तोडून विनवत होता.

असल्या बापाच्या मांडीवरून देव काढून घ्यायचा?

"प्रबुद्धऽ!" तो ओरडला. "बघ रं! बसतंय!"

प्रबुद्धनं चालता चालता बॉनेटचे हुक सोडले आणि ते वर ढकललं. "त्या दिवट्या लांब न्या! लांब! पेट्रोल हाय!" तो असा खेकसला की दिवटीवाले पळतच बाजूला झाले. मग तो मडगार्डवर चढून बसला, कार्बोरेटरवरची रबरी नळी पट्टी सैल करून उपसली, दुमडून मुठीत दाबली आणि तिच्या जागी बाटलीची नळी खुपसली. बाटली डोक्याच्या वर धरली. वाटीत उरलेल्या पेट्रोलवर घोडं तेवढे चार श्वास घेत होतं. आवाज पार तळाला गेला, अगदी बसलंच म्हणायचं, आणि मग एकदम खडखडून वर आला.

"दाब!" प्रबुद्ध ओरडला.

गोरक्षनं दाबलं. घोडं चढ चढायला लागलं. लोकांनी येळकोटाचा असा गजर केला की झाडावरचे पक्षी उडाले. भंडाऱ्याच्या मुठीच्या मुठी हवेत गेल्या आणि मडगार्डवर बसलेला, एका हातात बाटली आणि एका हातात नळी धरलेला प्रबुद्ध डोक्यापासून पायापर्यंत पिवळा झाला. त्याला पुसायलाही हात मोकळा नव्हता. "डोळ्यात नको राव, डोळ्यात नको!" एवढंच तो ओरडत होता. हात भरून आला तेव्हा भरतनं स्वतःची गाडी दुसऱ्याच्या हाती देऊन पुढं धाव घेतली आणि चालत चालत खालून त्याचा कोपर उचलून धरला. सबंध वाट असंच आले.

वस्तीवर देवळापुढं घोडं उभं राहिलं. पुजाऱ्यानं मुखवटे उतरवून घेतले, लोक देवामागं आत गेले. मग गोरक्षनं इंजिन बंद केलं. कानात नुसती शांतता वाजत होती. त्याला सरळ तिथंच झोपावंसं वाटत होतं.

"आलं आबा," तो म्हणाला. "न्हाई बसलं."

धर्माजी समोर बघत राहिला. मग अगदी हळू बोलला.

"कशाला आनलंस रं वर?"

गोरक्षला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"दोन मुठी टाकल्या की मी," म्हातारा म्हणाला. "एवढ्यानं बसंल वाटलं व्हतं. चढावर म्हनत व्हतो, खंडेराया, बस. आता बस. माझ्या पोराला सोडव."

"तुमाला म्हाईत व्हतं? भंडाऱ्यानं काय व्हतं त्ये?"

"जीप दारात आनली, तवाच एका मिस्त्रीनं सांगितलं व्हतं. तवा बंद केलं टाकायचं. तू तिच्याखाली उतानं पडायला लागलास, तवा पुन्ना चालू केलं." त्यानं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "मला दिसतं रं बाजंवरनं. काय आंधळा न्हाई मी. पन बापानं दिलेला मान मी तोंडानं कसा सोडू? घोडं आपनहून बसलं, तर देवाची मर्जी. कुनाला बोल न्हाई. दर साली वाट बघायचो. आन् दर साली तू ते नीट करून आनायचास."

"मी तुमच्यासाठी आनायचो, आबा!" गोरक्षचा आवाज चिरकला. "मला वाटायचं, तुमी..."

"मला काय व्हतंय? मांडीवर देव घिऊन बसायचं, त्यात काय कष्ट हायेत? गुडघे दुखत्यात तेवढं."

गोरक्षनं कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं. इतक्या वर्षांच्या पुण्याच्या चकरा, इतक्या रविवारच्या दुपारी, पाठीखालची ती सगळी माती, सगळं एकदम त्याच्या अंगावर आलं. त्याला रडू येत होतं की काय येत होतं, त्यालाच कळेना.

तेवढ्यात भरत देवळातून बाहेर आला. त्यानं वाकून धर्माजीच्या पायावर डोकं ठेवलं. त्याचे डोळे भरले होते.

"तात्या, माझ्या मनात लई दिस पाप व्हतं. वाटायचं, घोडं बसावं. आज बघितलं, मरता मरता उठलं त्ये! देवाच्याच मनात हाय. आता मी गाडी मागं आननार न्हाई. मान तुमच्या घरचा, कायमचा."

धर्माजीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

मागोमाग प्रबुद्ध आला, हळदीच्या डोहात बुडवून काढल्यासारखा. "आबा, आता बिनघोर रहा," तो म्हणाला. "उद्याच पुन्याला जातो आन् मोठा फिल्टर आनतो, ट्रकचा. मंग मूठ टाका, न्हाईतर पोतं टाका. मी जित्ता हाय तवर ह्ये घोडं बसत न्हाई. माझा शब्द."

बापानं लेकाकडं बघितलं. लेकानं बापाकडं. आधी म्हाताऱ्याचे खांदे हलले, मग गोरक्षचे, आणि दोघं असे हसायला लागले की म्हाताऱ्याचा फेटा सुटला आणि दोघांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. प्रबुद्ध आणि भरतही मग त्यांच्याबरोबर हसले.

पुष्पा भाकरतुकडा घेऊन आली तेव्हा हे असं चाललं होतं. कधी नव्हे ते बापलेक एवढे खुशीत बघून तिला बरं वाटलं. तिनं दोघांवरून आणि घोड्यावरून तुकडा ओवाळला आणि लांब टाकून दिला.